जिओचं सिम, पडून असलेला वनप्लस ६ आणि लिनक्स: रोजचा फोन म्हणून चालेल का?

बिमवाला_इचलकरंजी

नमस्कार मंडळी.

लॅपटॉपवर बरीच वर्षं लिनक्स मिंट वापरतोय. भावाचे माग आहेत, त्यांचे हिशेब, जीएसटी, ई-वे बिलं मी बघतो. सगळं फायरफॉक्स आणि लिब्रे ऑफिसवर निभतं. विंडोजची आठवण फक्त सीएंचा फोन आला की येते.

आता नाद लागलाय फोनचा. घरात एक वनप्लस ६ पडून आहे, ६ जीबी रॅमवाला. कंपनीच्या अपडेट कधीच्या बंद झाल्यात, पण काचेला ओरखडा नाही आणि बॅटरी नुकतीच बदलून घेतलीय. असा फोन भंगारात द्यायला जीव होत नाही. त्यावर उबंटू टच किंवा पोस्टमार्केट ओएस, म्हणजे फोनवर चालणारं लिनक्स, टाकायचं आणि तोच खिशात ठेवायचा, असं डोक्यात आहे. हौसेचा दुसरा फोन नको, एकच फोन, तोच.

माझं रोजचं काय असतं ते सांगतो. सकाळी सूत व्यापाऱ्यांचे भाव व्हॉट्सॲपवर येतात, बहुतेक व्हॉइस नोटमध्ये, कारण टाइप करायला कुणाला वेळ नाही. मग दिवसभर कॉल. गाडी सुटली की ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो काढून पुढे पाठवायचा. आठवड्याच्या पगारातला निम्मा यूपीआयनं जातो. मराठीत टाइप करायला लागतं, आणि रोमनमध्ये लिहायचा मला मनापासून कंटाळा आहे. सिम एकच, जिओचं.

यूट्यूबवर सगळे इन्स्टॉल करून दाखवतात, टर्मिनल उघडून चार कमांडी मारतात आणि व्हिडिओ संपतो. दुसऱ्या दिवशी त्या माणसाला फोन लागला का, हे कुणीच सांगत नाही. इथे कुणी खरंच खिशात ठेवून फिरतंय का? असेल तर कुठली ओएस, आणि कुठे घोडं अडतं?

घाटावरचा_राजा

भाऊ, विकतचं दुखणं आहे हे. लाइनेज ओएस (गुगलशिवायचं अँड्रॉइड) टाका आणि मोकळे व्हा, तेही लिनक्सच की! गुगल नको असेल तर गुगलची ॲपं टाकू नका, संपला विषय. नाहीतर आपलं स्वदेशी भारोस येतंय म्हणतात, थोडं थांबा.

खातेनिवृत्त (रत्नागिरी)

राजे, अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल (ओएसचा गाभा) आहे हे खरं, पण बिमवाल्यांना ते लिनक्स नकोय. आणि भारोस जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं, त्याचाही पाया अँड्रॉइडचाच. लाइनेजही त्याच घरातलं. त्यात वाईट काही नाही, पण यांनी विचारलंय वेगळंच.

बिमवाले, तुम्ही विचारताय ओएस कुठली. माझ्या मते तो प्रश्न तिसरा. पहिला, सिम कुठलं? दुसरा, पैसे कसे द्यायचे? हे दोन सुटले तर दोन्हीपैकी कुठलीही ओएस चालेल. नाही सुटले तर एकही चालायची नाही.

मी दूरसंचार खात्यात एक्सचेंजवर नोकरी केली, त्यामुळे सिमचं जरा सविस्तर सांगतो. फोरजीच्या जाळ्यात आवाजासाठी जुन्यासारखी वेगळी लाइन नसते, सगळा डेटाच. मग कॉलला वाटा दोन. एक व्होल्टी: फोन ऑपरेटरच्या आयएमएस नावाच्या यंत्रणेत नाव नोंदवतो आणि आवाज डेटाची पाकिटं होऊन जातो. दुसरी जुनी वाट: कॉल आला की फोन फोरजी सोडून खाली टूजीवर उतरतो, बोलणं झालं की परत वर येतो. अँड्रॉइडमध्ये व्होल्टीचा कारभार चिपवाल्या कंपनीच्या बंदिस्त सॉफ्टवेअरकडे असतो. क्वालकॉमच्या मोडेमला (नेटवर्कशी बोलणाऱ्या चिपला) तर ऑपरेटरगणिक एमबीएन नावाची वेगळी सेटिंगची फाइल लागते. हे लिनक्सवाल्यांना कुणी आयतं देत नाही, एकेका फोनवर खणत बसावं लागतं. मीडियाटेक चिपच्या काही फोनांवर उबंटू टचवाल्यांनी ते जमवलंय. वनप्लस ६ वर ते धरून चालू नका.

आता तुमचं जिओ. ते सप्टेंबर २०१६ मध्ये सुरूच झालं निव्वळ फोरजीवर. टूजी नाही, थ्रीजी नाही. म्हणजे व्होल्टी नसलेला फोन खाली उतरायचा म्हटला तर खाली काही नाहीच. नेट झकास धावेल आणि कॉल लागणार नाही. ओटीपीचीही हमी नाही. एअरटेलनं थ्रीजी २०२० मध्ये गुंडाळलं, पण त्यांचं आणि व्होडाफोन आयडियाचं टूजी अजून चालू आहे, त्यावर काम भागतं.

माझ्याकडे पिक्सेल ३ए आहे, उबंटू टच आणि एअरटेलचं सिम. कॉल टूजीवर उतरून येतो. पलीकडच्याला एखाद-दुसरी रिंग जास्त ऐकावी लागते, तेवढं सोडलं तर आवाज स्वच्छ. गंमत पुढे आहे. टूजीवर बोलताना नेट बंद पडतं. आमची ही बाजारातून फोन करते, "आत्ता फोटो पाठवलाय, हा पापलेट घेऊ का तो?" आणि मला फोन ठेवल्याशिवाय फोटो दिसत नाही. फोन ठेवून, फोटो बघून, परत फोन लावेपर्यंत पापलेट दुसऱ्याच्या पिशवीत. हे ज्याला चालेल त्यानं पुढे वाचावं.

दुसरं, पैसे. यूपीआयचं ॲप सुरू करताना ते तुमच्या सिमवरून गुपचूप एक एसएमएस बँकेकडे पाठवतं, त्यावरून खातं त्या फोनशी बांधलं जातं. उबंटू टचवर वेड्रॉइड टाकून अँड्रॉइडची ॲपं चालवता येतात, पण वेड्रॉइड म्हणजे एका कप्प्यात बंद केलेलं अँड्रॉइड. त्याला सिम दिसतच नाही, मग एसएमएस कुठून जाणार? शिवाय बऱ्याच बँकांची ॲपं गुगलच्या प्ले इंटिग्रिटीकडून फोनचं चारित्र्य तपासून घेतात, आणि बूटलोडर उघडलेला, म्हणजे दुसरी ओएस टाकण्यासाठी कुलूप काढलेला, फोन तिथे नापास. (राजे, हे तुमच्या लाइनेजलाही लागू आहे बरं का.) तेव्हा यूपीआयचं ॲप या फोनवर नाही, हे आधीच मनाशी धरा.

मी काय करतो? एक साधा बटणांचा फोन आहे, बँकेत नोंदवलेलं सिम त्यात. *९९# लावायचं, आकडे दाबत जायचं, शेवटी पिन. एका वेळी ५००० पर्यंत जातात. पहिल्यांदा डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारतं, पुढे नाही. आकडा दाबायला उशीर झाला की सत्र तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. क्यूआर स्कॅन करणं अर्थातच नाही, समोरच्याचा मोबाइल नंबर नाहीतर यूपीआय आयडी हातानं घालायचा. मिरकरवाड्यात कोळणीला नंबर विचारला तर ती म्हणते, "नंबर कशाला हवाय? ह्यो डबा हाय ना, मार फोटो!" मागे चार माणसं उभी. मी हल्ली तिथे रोखच देतो. तुमच्या आठवड्याच्या पगारासाठी मात्र बँकेची वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडा. लॅपटॉपवर तुम्ही तसंही बसलेलेच असता, एकदा लाभार्थी घालून ठेवले की यूपीआयपेक्षा बरं पडेल.

व्हॉट्सॲप वेड्रॉइडमध्ये चालतं, व्हॉइस नोटही ऐकू येतात. पण वेड्रॉइड बंद असेल तर निरोप आल्याचं कळत नाही, आणि सतत चालू ठेवलं तर बॅटरी दुपारीच मान टाकते. मी सकाळी, जेवणानंतर आणि रात्री उघडतो. निवृत्त माणसाचं त्यात भागतं. सुताचा भाव दुपारी तीनला हललेला रात्री नऊला कळून तुमचं भागेल का, ते तुम्ही ठरवा.

ओएसबद्दल थोडक्यात. उबंटू टच कॅनॉनिकलनं २०१३ च्या जानेवारीत जाहीर केलं आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये सोडून दिलं, तेव्हापासून युबीपोर्ट्सची मंडळी ते चालवतात. फोनच्या मूळच्या अँड्रॉइड कर्नल आणि ड्रायव्हरवरच ते हॅलियम नावाच्या जोडणाऱ्या थराच्या मदतीनं बसतं, त्यामुळे कॅमेरा चालतो, गजर वाजतो, झोपेत बॅटरी टिकते. कडेवरून बोट ओढून सगळं करायचं, ते मला फार आवडतं. ओपनस्टोअरमध्ये, म्हणजे त्यांच्या ॲपांच्या दुकानात, ॲपं मोजकी. टेलिग्रामचं ठीक आहे. जाहिरात मात्र कुठेच नाही, आणि सकाळी उठल्यावर फोन मला काहीही सुचवत नाही. एवढ्यासाठी मी बाकीचं सगळं चालवून घेतो.

बिमवाला_इचलकरंजी

काका, एवढं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. जिओबद्दल वाचून पोटात गोळा आला. नंबर तोच ठेवून पोर्ट करता येईल, पण आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली दुसऱ्या कुणाची रेंज धड येत नाही, मुलांचे फोन लावून बघितलंय.

पोस्टमार्केटवर कुणी आहे का? कर्नल नवा असतो म्हणून माझा ओढा तिकडे होता. आणि मराठी टायपिंगचं राहिलंच.

फेज_थ्री

मी आहे. हिंजवडीत, आणि योगायोगानं वनप्लस ६ वरच. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, माझ्या दुसऱ्या खिशात ऑफिसचा आयफोन असतो. त्यामुळे "एकच फोन" या तुमच्या अटीत मी बसत नाही.

पोस्टमार्केट २०१७ मध्ये सुरू झालं, पाया अल्पाइन लिनक्सचा. फोन दहा वर्षं टिकला पाहिजे हा त्यांचा हट्ट. उबंटू टच वनप्लस ६ वर मूळचा ४.९ कर्नल वापरतं, तोच जो अँड्रॉइडबरोबर आला. पोस्टमार्केटवर जवळजवळ मुख्य धारेतला कर्नल चालतो, म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्याच गोत्रातला. स्नॅपड्रॅगन ८४५ चिपचे फोन, म्हणजे वनप्लस ६, ६टी आणि पोको एफ१, यावर बऱ्याच लोकांनी मेहनत घेतलीय. फॉशचा (फोनसाठीच्या इंटरफेसचा) पडदा उघडला की खरंच डेस्कटॉप हातात आल्यासारखं वाटतं. मी लॅपटॉपवरून फोनमध्ये एसएसएचनं शिरतो, आरसिंकनं फोटो ओढतो, ठरल्या वेळी आपोआप चालणारे क्रॉन लावून ठेवलेत. तुमच्या पावत्यांचे फोटो रात्री आपोआप लॅपटॉपवर उतरतील अशी सोय दहा ओळींत होईल.

फक्त ते फोटो काढायचे कशानं, हा प्रश्न आहे. कॅमेऱ्यावर काम चालू आहे, पण त्यावर धंदा टेकवू नका. पावतीवरचा गाडीनंबर वाचता आला नाही तर ट्रान्सपोर्टवाला तुमच्या लिनक्सचं कौतुक ऐकून घेणार नाही.

दुसरं म्हणजे झोप. फोन सस्पेंड झाला की कॉल आणि एसएमएस मोडेम उठवतो, ते येतात. वायफायवरचे निरोप येत नाहीत, तुम्ही बटण दाबलं की एकदम धाडकन येतात. आणि साध्या घड्याळाचा गजर? फोनबरोबर गजरही झोपतो. सस्पेंडमधून उठवणारं वेगळं ॲप टाकावं लागतं, नाहीतर रात्री सस्पेंड बंद ठेवून फोन चार्जिंगला. मी शेवटी सेलवर चालणारं घड्याळ आणलं, टिकटिक जरा जास्त करतं.

मराठी. पहिल्यांदा मराठी वेबसाइट उघडलीत आणि नुसत्या चौकोनांच्या रांगा दिसल्या तर घाबरू नका, नोटो देवनागरीचं पॅकेज टाकलं की अक्षरं येतात, जोडाक्षरंही व्यवस्थित. टायपिंगसाठी स्क्वीकबोर्ड नावाचा कीबोर्ड आहे, त्याची मांडणी साध्या यामल फाइलमध्ये असते. घरच्या फोल्डरमध्ये आपली फाइल ठेवायची, झालं. मी इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डच्या प्रमाण मांडणीवरून स्वतःची केली. मोबाइलच्या रुंदीत सगळी व्यंजनं एका पानावर मावत नाहीत, मग कुणाला दुसऱ्या पानावर ढकलायचं यावर मी एक अख्खा रविवार घालवला. ङ आणि ञ गेले, त्यांची तक्रार नाही. ळ मात्र पहिल्या पानावर, ल च्या शेजारी. "ऱ्या" साठी आधी चार बटणं दाबावी लागत होती, त्याला सरळ एक बटण दिलं, कारण "दुसऱ्या", "करणाऱ्या" हे दर दोन ओळींत येतं. शब्द सुचवणं वगैरे विसरा, सगळी अक्षरं स्वतः दाबायची. हवी असेल तर फाइल पाठवतो.

कॉलबद्दल काकांनी सांगितलं तेच. टूजीवर लागतो, आवाज येतो, इअरपीसवरून स्पीकरवर जाताना अधूनमधून रुसतो.

नेकारकाठची_सातारकर

मी श्टुटगार्टला. फोन वोलाचा, जर्मनीतलीच कंपनी, हवं तर उबंटू टच घालूनच देतात. तुमची चर्चा वाचून वाटलं की फोन तोच असला तरी जागा बदलली की सगळं बदलतं, म्हणून लिहिते.

इथे बँकेला माझ्या फोनशी देणंघेणं नाही. चिपटॅन म्हणून एक छोटं यंत्र मिळतं, कॅल्क्युलेटरएवढं. त्यात बँकेचं कार्ड खुपसायचं, लॅपटॉपच्या स्क्रीनवरचा कोड त्याला दाखवायचा, आलेला आकडा टाकायचा. ॲप नाही, सिम नाही, एसएमएस नाही. बेकरीत कार्ड नाहीतर रोख. डॉइचलँडटिकिट, म्हणजे इथला बस-ट्रेनचा मासिक पास, ॲपवर घेण्याऐवजी चिपकार्डवर घेतलं, ते पाकिटात असतं. लांबच्या रेल्वेचं तिकीट वेबसाइटवरून पीडीएफमध्ये येतं. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर काका अडले, त्यातली पैशांची मला कधी जाणवलीच नाही. थ्रीजी इथेही २०२१ मध्ये गेलं, टूजी आहे.

माझं घोडं आईपाशी अडलं. साताऱ्याला फोन लावायचा तर व्हॉट्सॲपच, तिला दुसरं काही शिकवायला गेले की म्हणते, "तुझं ते नवीन तू तिकडंच ठेव." म्हणून जुना अँड्रॉइड घरी कपाटावर चार्जिंगला लावलेला, व्हॉट्सॲप त्यावर. वोलाच्या ब्राउझरमध्ये त्याचंच वेब. निरोप दिवसभर कळतात, व्हिडिओ कॉल रात्री कपाटापाशी. एक लक्षात ठेवा: मुख्य फोन १४ दिवस नेटवर आला नाही तर जोडलेली सगळी उपकरणं बाहेर फेकली जातात. सुट्टीवर निघताना तो फोन बंद करू नका.

घाटावरचा_राजा

म्हणजे तिघांकडेही दुसरा फोन आहे. मी काय म्हणत होतो?

बाय द वे, हे खूळ आपल्याकडे नवीन नाही. २०१६ मध्ये इंटेक्सनं ॲक्वा फिश आणला होता, सेलफिश ओएसवाला, ५४९९ ला. माझ्या मेव्हण्यानं घेतला होता. दिसायला काय सुंदर होता तो इंटरफेस! आणि घराघरात पोचलेल्या जिओफोनमधलं कायओएस, तेही फायरफॉक्स ओएसचंच पोर, लिनक्सवरचं. व्हॉट्सॲप होतं तोवर लोकांनी वापरलं. म्हणून म्हणतो, ओएसनं काही होत नाही, व्हॉट्सॲप आहे का ते बघतात.

खातेनिवृत्त (रत्नागिरी)

राजे, आज पहिल्यांदा तुमचं पटलं.

बिमवाले, शेडमध्ये जिओशिवाय रेंज नाही म्हणताय, तर जिओचं सिम हॉटस्पॉट देणाऱ्या फोरजी बटणफोनमध्ये घाला. कॉल आणि ओटीपी त्यावर, नेट हॉटस्पॉटवरून वनप्लसला. घेण्याआधी दुकानात हॉटस्पॉट चालू करून दाखवा म्हणा, सगळ्यांत नसतो. यूपीआयचं बँकेत जाऊन विचारा, फीचर फोनसाठी १२३पे म्हणून २०२२ पासून वेगळी सोय आहे, *९९# सोडून. पावतीचे फोटो काढायचे आहेत म्हणून मी तुम्हाला उबंटू टचच सुचवेन, वनप्लस ६ त्यांच्या यादीत आहे. कुठल्या अँड्रॉइड आवृत्तीवरून चढवायचं ते त्या फोनच्या पानावर दिलेलं असतं, ते सोडून दुसऱ्यावरून चढवू नका.

आणि बूटलोडर उघडण्याआधी फोटो, कॉन्टॅक्ट बाहेर काढा, कारण उघडताना फोन पूर्ण पुसला जातो. उघडल्यावर, नवी ओएस टाकण्याआधी, रिकव्हरीतून ईएफएस आणि पर्सिस्टची (फोनची स्वतःची खास माहिती असलेल्या मेमरीतल्या कप्प्यांची) प्रत काढून लॅपटॉपवर ठेवा. मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२ त्यातच येतात का ते बघा, नाहीतर वेगळी काढा. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तिथे असतो. तो उडाला की फोनला नेटवर्कच मिळत नाही.

बिमवाला_इचलकरंजी

सगळ्यांचे आभार. घरात विचारलं तर वहिनींकडे एक जिओचा बटणफोन निघाला, हॉटस्पॉट आहे त्यात. म्हणजे सिमचा प्रश्न सुटला. व्हॉट्सॲप सातारकर ताईंच्या पद्धतीनं, आत्ताचा फोन ऑफिसच्या टेबलावर चार्जिंगला. तिथे वायफाय आहे. एकच फोनची अट मोडली, पण मोडू दे. पगार नेटबँकिंगनं, कामगारांचे खातेनंबर गोळा करायला आजच भावाला सांगितलं. तो म्हणाला, "स्कॅन करून जायचं ते सोडून हे काय काढलंस?"

फेज थ्री, ती यामल फाइल उबंटू टचवर चालणार नाही ना? तिथला कीबोर्ड वेगळा असेल.

फेज_थ्री

नाही चालणार, तिथला कीबोर्ड वेगळा. पण टाकण्याआधी ठरवू नका. फोनचं मूळचं अँड्रॉइड केबल लावून परत चढवता येतं, तेव्हा एक शनिवार उबंटू टच, एक शनिवार पोस्टमार्केट असं करून बघा. काकांनी सांगितलेल्या प्रती मात्र दोन ठिकाणी ठेवा. फाइल व्यनिनं (व्यक्तिगत निरोपातून) पाठवलीय.